अंधुक पडदा

(नव्या मॉनिटरवर अक्षरे पुसट का दिसतात आणि त्याचे कारण क्रमाने कसे शोधावे, हे या पाठात सांगितले आहे.)

उर्दूतील 'बे' आणि 'पे' ही अक्षरे नजरेसमोर आणा. दोन्हींचा आकार एकच. 'बे'च्या खाली एक नुक्ता, तर 'पे'च्या खाली तीन. मराठीतही 'वदन' म्हणजे चेहरा आणि 'वंदन' म्हणजे नमस्कार. फरक केवळ एका टिंबाचा! पडदा अंधुक असेल, तर तीन नुक्त्यांचा एकच ठिपका होतो, अनुस्वार पुसला जातो आणि आपण भलताच शब्द वाचतो.

समजा, तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात जुन्या मॉनिटरच्या जागी नवा, रुंद मॉनिटर आला. तो सुरू केला, तर अक्षरांच्या कडा पुसट. कोणी म्हणेल, "माल खराब आहे, दुकानदाराला परत करा." पण जरा थांबा. अनेकदा मॉनिटर चांगला असतो. संगणक त्याला चुकीच्या मापाचे चित्र पाठवत असतो.

हे माप म्हणजे काय? आलेखाचा कागद तुम्ही पाहिला आहे. मॉनिटरचा सपाट पडदाही तसाच बारीक चौकटींचा बनलेला असतो. अशा एका चौकटीला पिक्सेल म्हणतात. पुष्कळ मॉनिटरांवर आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० पिक्सेल असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० पिक्सेल झाले. ही संख्या कारखान्यातच ठरते. ती पुढे बदलत नाही. तिला त्या पडद्याचे मूळ रिझोल्यूशन म्हणतात.

आता संगणकाने १२८० × ७२० मापाचे चित्र पाठवले, तर काय होईल? चित्राचे १२८० ठिपके १९२० चौकटींत बसवावे लागतील. एका ठिपक्याच्या वाट्याला दीड चौकट येईल. पण अर्धी चौकट तर रंगवता येत नाही! मग मॉनिटर शेजारच्या रंगांची सरमिसळ करतो. काळ्या अक्षराच्या कडेला राखाडी रंग पसरतो. यालाच आपण अंधुकपणा म्हणतो.

पूर्वीच्या पेटीसारख्या मॉनिटरमध्ये काचेची नळी असे. तिच्यात इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर फिरून चित्र काढी. त्यामुळे निरनिराळ्या मापांची चित्रे तो मॉनिटर बऱ्यापैकी दाखवू शके. सपाट एलसीडी पडदा मात्र मूळ मापाचे चित्रच सर्वांत स्पष्ट दाखवतो.

मग दोष कसा शोधावा? सोप्या गोष्टीपासून सुरुवात करावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

१. नव्या पडद्यावर पातळ पारदर्शक आवरण चिकटवलेले असेल, तर ते काढा. पडदा मऊ, कोरड्या कापडाने साफ करा.

२. मॉनिटरवरील बटण दाबून त्याचा स्वतःचा मेनू उघडा. त्यातील अक्षरे मॉनिटर स्वतः काढतो. ती स्पष्ट असतील आणि बाकीची पुसट असतील, तर पडदा बहुधा ठीक आहे असे समजा.

३. चित्रे काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये एक वर्तुळ काढा. ते अंड्यासारखे ताणलेले दिसले, तर चित्राचे माप चुकले आहे.

४. विंडोज १० किंवा ११ असेल, तर डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी माउसचे उजवे बटण दाबा. 'डिस्प्ले सेटिंग्ज' उघडून 'डिस्प्ले रिझोल्यूशन' पाहा. ज्या संख्येपुढे 'रेकमेंडेड' असे लिहिले आहे, ती निवडा. मॉनिटरच्या माहितीपत्रकातील संख्येशी ती ताडून पाहा.

५. योग्य संख्या यादीतच नसेल, तर चित्र पाठवणाऱ्या भागाचा ड्रायव्हर, म्हणजे तो भाग चालवणारा प्रोग्रॅम, जुना किंवा चुकीचा असू शकतो. शिक्षकांच्या मदतीने योग्य ड्रायव्हर बसवा.

६. केबल दोन्ही टोकांना घट्ट बसवा. १५ पिनांची व्हीजीए केबल असेल, तर मॉनिटरच्या मेनूतील 'ऑटो ॲडजस्ट' वापरून पाहा. सोय असेल, तर एचडीएमआय केबल जोडा.

योग्य माप निवडल्यावर काहींना अक्षरे फार लहान वाटतात. मग ते पुन्हा रिझोल्यूशन कमी करतात आणि अंधुकपणा परत येतो. त्याऐवजी त्याच पानावरील 'स्केल' १२५ किंवा १५० टक्के करावे. रिझोल्यूशन कमी केले, की अक्षर काढायला ठिपके कमी मिळतात. स्केल वाढवले, की तेच अक्षर अधिक ठिपक्यांनी काढले जाते. ते मोठेही दिसते आणि त्याचे नुक्तेही वेगवेगळे दिसतात. एखादा जुना प्रोग्रॅम मात्र स्केल वाढवल्यावर पुसट दिसू शकतो.

एवढे करूनही पडदा अंधुकच राहिला, तर तो दुसऱ्या संगणकाला जोडून पाहा. तेथेही तसाच दिसला, तर बिल घेऊन दुकानदाराकडे जा. कोणकोणती तपासणी केली हे तुम्ही क्रमाने सांगू शकाल. मग तुमची तक्रार कोणी सहज टाळणार नाही आणि दुरुस्तीचा नाहक खर्चही होणार नाही.

शब्दार्थ
अंधुक – अस्पष्ट
सरमिसळ – एकात एक मिसळणे
झोत – एका दिशेने जाणारा प्रवाह
ताडून पाहणे – जुळते का ते तपासणे
नाहक – विनाकारण

स्वाध्याय
प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पिक्सेल कशाला म्हणतात?
(आ) वर्तुळ अंड्यासारखे दिसले, तर काय समजावे?

प्र. २. कारणे द्या.
(अ) १९२० × १०८० च्या पडद्यावर १२८० × ७२० चे चित्र पुसट दिसते.
(आ) अक्षरे मोठी करण्यासाठी रिझोल्यूशन कमी करू नये.

प्र. ३. 'नजर', 'कागद', 'खर्च', 'साफ' हे शब्द मराठीत व उर्दूत दोन्हींकडे आहेत. पाठातून असे आणखी दोन शब्द शोधून वाक्यांत वापरा.

उपक्रम : आलेखाच्या कागदावर एका ओळीत ६ चौकटी घ्या. एक काळा, एक पांढरा असे ४ ठिपके त्यांत समान बसवा. कोणत्या चौकटी राखाडी कराव्या लागल्या ते वर्गात सांगा.