बॅग कुठे उतरणार, हे मुंबईतच विचारून घ्या

आमच्या सोसायटीत कुणी मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघाले की बॅगा भरायला घेण्याआधी मला बोलावणे येते. निघणारी मंडळी बहुतेक साठीच्या पुढची. इंग्रजी वाचता येते, पण बोलताना बिचकतात. विमानाची भीती त्यांना फारशी नसते. भीती असते ती मधल्या विमानतळाची. बॅगा आपण उचलायच्या की त्या परस्पर पुढे जाणार? तपासणी पुन्हा होणार का? लेकीसाठी केलेले डबे काढून घेतील का? स्वतःच्या प्रवासांतून आणि या साऱ्यांच्या तयारीतून जे पक्के कळले, ते क्रमाने लिहिते आहे.

१. सामान कुठपर्यंत जाणार, हे तिकिटावर ठरते.

मुंबई–दोहा–शिकागो असा सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असेल तर बॅगा दोह्याला तुमच्या हातात येत नाहीत. विमानतळाचे लोकच त्या एका विमानातून दुसऱ्या विमानात चढवतात. दोन वेगळ्या कंपन्यांची विमाने असली, तरी त्यांचा आपसात करार असेल आणि तिकीट एकच असेल तर हेच होते. खरी अडचण दोन सुट्या तिकिटांची. कुणीतरी संगणकावर शोधून मुंबई–फ्रँकफर्ट एक आणि फ्रँकफर्ट–शिकागो दुसरे, अशी स्वस्तात तिकिटे काढून देते. पहिल्या कंपनीच्या लेखी तुमचा प्रवास फ्रँकफर्टला संपला, त्यामुळे बॅगा तिथल्या बेल्टवर येतात. त्या घ्यायच्या म्हणजे इमिग्रेशन ओलांडून जर्मनीत शिरायचे, आणि त्याला शेंगेन व्हिसा लागतो. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा असला तरी तो इथे चालत नाही. ज्यांच्याकडे शेंगेन नाही त्यांना मुंबईच्या काउंटरवरच अडवतात, मग रडून-भेकून उपयोग नसतो. वाचलेले दहा-पंधरा हजार रुपये अशा वेळी फार महागात पडतात. वडीलधारी माणसे एकटी जाणार असतील तर सुटी तिकिटे काढूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

२. काउंटर सोडण्याआधी टॅग वाचा.

बॅगेच्या मुठीला जो लांब कागदी टॅग लावतात, त्यावर विमानतळांची तीन अक्षरी नावे असतात. मुंबईचे बीओएम, दुबईचे डीएक्सबी, न्यूअर्कचे ईडब्ल्यूआर. सर्वांत मोठ्या अक्षरांत असते ते बॅगेचे शेवटचे ठिकाण. ते तुमच्या शेवटच्या शहराचे आहे ना, एवढे पाहायचे. नसेल तर तिथल्या तिथे विचारायचे, "ताई, बॅग शेवटपर्यंत जाणार ना? मध्ये मला कुठे घ्यावी लागेल का?" काउंटरवरच्या मुलींना हा प्रश्न रोजचाच असतो, मागे रांग असली तरी संकोच करू नका.

टॅगवर दहा आकडी क्रमांकही असतो. बॅग हरवली तर शोध त्या क्रमांकानेच लागतो. त्याचीच छोटी चिठ्ठी तुम्हाला देतात, बहुतेक वेळा पासपोर्टच्या मागे किंवा बोर्डिंग पासवर चिकटवून. तिचा आणि बॅगेचा असे दोन फोटो मोबाइलमध्ये काढून मुलाला पाठवून ठेवावेत. मागच्या प्रवासाचे टॅग आणि बारकोडचे छोटे तुकडे मात्र घरीच काढून टाका. यंत्र नेमका जुना बारकोड वाचते आणि बॅग भलतीकडे जाते.

३. अमेरिकेत पहिल्या शहरात बॅगा घ्यायच्याच.

सर्वांत जास्त घोटाळा इथे होतो. टॅगवर शेवटचे शहर लिहिलेले, मुंबईत सांगितलेले की बॅग शेवटपर्यंत जाईल, आणि तरीही न्यूअर्कला उतरून पुढे डेट्रॉइटला जायचे असेल तर बॅगा न्यूअर्कलाच बेल्टवरून उचलाव्या लागतात. कारण कस्टम्स. अमेरिकेत ज्या शहरात पहिल्यांदा उतराल तिथे प्रवासी आणि त्याचे सामान, दोन्ही एकत्र कस्टम्ससमोरून जावे लागते. मोजक्या मार्गांवर आता वेगळी सोय होऊ लागली आहे, पण तुमच्या कंपनीने स्पष्ट सांगितले नसेल तर बॅग घ्यायचीच, हे धरून चाला.

क्रम असा : आधी इमिग्रेशन, मग बेल्ट, मग कस्टम्स. कस्टम्समधून बाहेर पडल्यावर थोड्याच अंतरावर कनेक्टिंग बॅगा परत देण्याची जागा असते. तिथल्या माणसाला टॅग दाखवायचा, तो बॅग पुढच्या पट्ट्यावर टाकतो. नवे वजन नाही, नवे पैसे नाहीत. ही जागा बरेच जण चुकवतात, कारण बाहेर पडायची घाई झालेली असते आणि पाट्या डोक्यावर असतात. मी एका काकूंना पाहिले आहे : दोन मोठ्या बॅगा, वर एक बांधलेले खोके, एवढी ट्रॉली ढकलत त्या थेट टॅक्सीच्या दारापर्यंत पोचल्या होत्या. मागून हाक मारून त्यांना परत आणले. त्यांचा एकच प्रश्न होता, "अगं, पण मुंबईत म्हणाले होते की काही करायचं नाही!" मुंबईत सांगितलेले खोटे नव्हते, अर्धे होते.

अबू धाबीहून जाणाऱ्यांना वेगळा अनुभव येतो. तिथे अमेरिकेचे इमिग्रेशन आणि कस्टम्स २०१४ पासून अबू धाबीच्याच विमानतळावर होते, त्यामुळे अमेरिकेत उतरल्यावर तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर पडता. डब्लिनलाही अशीच सोय आहे. पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्या ज्येष्ठांना मी हा मार्ग आवर्जून सुचवते, मात्र अबू धाबीत हाताशी चांगला वेळ ठेवा.

युरोपात उलट रीत आहे. फ्रँकफर्टवरून बर्लिनला जायचे तर पासपोर्टची तपासणी फ्रँकफर्टला होते, पण बॅगा बर्लिनलाच मिळतात.

४. सुरक्षा तपासणी पुन्हा होतेच.

मुंबईत तपासणी झाली, आपण विमानतळाबाहेर पाऊलही टाकले नाही, मग पुन्हा कशाला? पण दुबई, दोहा, फ्रँकफर्ट, लंडन, सगळीकडे पुढच्या विमानाआधी यंत्रातून जावे लागते. अमेरिकेत बॅगा परत दिल्यावरही जावे लागते. २००६ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला, तेव्हापासून १०० मिलिलिटरची मर्यादा आली. काही विमानतळांवर आता नवी यंत्रे बसल्याने ती सैल झाली आहे, पण वाटेतल्या सर्वांत कडक विमानतळाप्रमाणेच हातातली पिशवी भरावी. विमानात मिळालेली पाण्याची बाटलीसुद्धा उतरल्यावर चालत नाही. रिकामी स्टीलची बाटली न्या, तपासणी झाली की भरा.

५. ड्यूटी फ्रीची पिशवी शेवटपर्यंत फोडू नका.

अत्तर किंवा दारूची बाटली लाल काठाच्या पारदर्शक पिशवीत सीलबंद करून देतात, आत पावती दिसत असते. सील तुटले की पुढच्या तपासणीत ती बाटली गेली. अमेरिकेत तर मी सांगते, बेल्टवरून बॅग हातात आली की तिथेच बाजूला उभे राहून बाटली बॅगेत घाला आणि मगच बॅग परत द्या.

६. फराळाचा डबा भरताना वाटेतले देश आठवा.

यावर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, कारण डब्यात आईची आठ-आठ दिवसांची मेहनत असते आणि तो कचऱ्याच्या पेटीत गेलेला पाहवत नाही.

पहिली गोष्ट खसखस. आपल्याकडे वाण्याकडे मिळणारी ही खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते, कारण ती अफूच्या बोंडातून येते. दुबई किंवा अबू धाबीवरून जाणार असाल तर अनारसे नेऊ नका, आणि करंजीच्या सारणात खसखस घालू नका. "आम्ही तर फक्त विमान बदलणार," असे म्हणून चालत नाही. तुम्ही आणि तुमची बॅग तेवढा वेळ त्यांच्याच हद्दीत असता. एका घरी आम्ही अनारशांचा भरलेला डबा परत काढला आणि त्या जागी चकल्या भरल्या. घरातल्या आजी नाराज झाल्या, पण त्याला इलाज नव्हता.

दुसरे, सुके खोबरे. तेलकट खोबरे उष्णता धरून आपोआप पेटू शकते, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला १३६३ हा क्रमांक दिलेला आहे. वाट्या चेक-इन बॅगेत ठेवल्या तर मुंबईतच बॅग उघडायला बोलावतात.

तिसरे, मेतकूट, भाजणी, हळद, मसाले. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड हातातल्या पिशवीत असेल तर २०१८ पासून वेगळी तपासणी होते, आणि खात्री पटली नाही तर ती ठेवून घेतात. पुडी चेक-इन बॅगेत असेल तर प्रश्न नाही. लोणचे आणि तूपही तिथेच, दोन पिशव्यांत घट्ट बांधून.

ताजा कढीपत्ता आणि हापूस अमेरिकेत नेता येत नाही. बाकी खाण्याचे जे काही असेल ते कस्टम्सला विचारल्यावर सरळ सांगावे. सांगितले तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात, लपवले तर दंड करतात.

७. हातातल्या पिशवीत काय, हे आदल्या दिवशीच ठरवा.

सगळी औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. इन्सुलिन हातातच ठेवायचे. १०० मिलिलिटरच्या नियमातून औषधांना सूट असते, फक्त तपासणीआधी सांगायचे. ट्रॅमाडॉल आणि कोडिन ही औषधे अमिरातीत नियंत्रित आहेत आणि आपल्याकडच्या दुखण्याच्या किंवा खोकल्याच्या औषधांत ती असू शकतात, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांकडून यादी तपासून घ्या. दागिने, कागदपत्रे, कपड्यांचा एक जोड हातात. पॉवर बँक चेक-इन बॅगेत कधीही चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची हातात चालते, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचची बसते. विमान भरले म्हणून गेटवर तुमची छोटी बॅग खाली ठेवायला मागितली तर आधी औषधे आणि पॉवर बँक बाहेर काढा.

८. मधला वेळ.

अमेरिकेच्या पहिल्या शहरात तीन तासांपेक्षा कमी नको. नागपूरहून मुंबईमार्गे जाणाऱ्यांनी आपले विमान कुठल्या टर्मिनलला उतरते ते पाहावे. टर्मिनल १ वरून टर्मिनल २ ला बाहेर पडून जावे लागते. आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे, तिथून सहारच्या टर्मिनल २ पर्यंतची वाहतूक तुम्हाला माहीत आहेच.

९. परतीच्या वाटेवरही तेच.

मुंबईला उतरून पुढे नागपूर किंवा गोवा असेल तर साधारणपणे बॅगा मुंबईतच घेऊन, कस्टम्स करून, पुन्हा द्याव्या लागतात. चढताना परदेशातल्या काउंटरवर पुन्हा एकदा विचारा.

१०. बॅग आली नाही तर विमानतळ सोडू नका.

बेल्ट थांबला, माणसे पांगली आणि आपली बॅग नाही, की पाय लटपटतात. तेव्हा बेल्टजवळच्या बॅगेज सर्व्हिसच्या खिडकीशी जायचे आणि लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा. प्रवासात कितीही कंपन्या असल्या तरी तक्रार शेवटच्या विमानाच्या कंपनीकडे करायची. १९९९ च्या मॉन्ट्रियल कराराप्रमाणे बॅग मोडली-फाटली असेल तर ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी दावा करावा लागतो. २१ दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असे धरून भरपाई मागता येते. मधल्या दिवसांत घेतलेल्या कपड्यांच्या, गरजेच्या वस्तूंच्या पावत्या जपून ठेवा.

११. व्हीलचेअर मागायला लाजू नका.

चालता येत असले तरी लांबच्या टर्मिनलवर गुडघे दुखतातच. तिकीट काढतानाच नोंद करायची, त्याचे पैसे पडत नाहीत. मदतनीस बेल्टवरून बॅग उतरवायला आणि ती परत द्यायच्या जागेपर्यंत न्यायला सोबत असतो, हा त्यातला खरा फायदा.

परदेशातल्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे. आईबाबांचे तिकीट एकाच बुकिंगवर काढा, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. बॅगा कुठे उचलायच्या, कुठे परत द्यायच्या, हे मोठ्या अक्षरांत मराठीत एका कागदावर लिहून द्या आणि खाली तेच इंग्रजीत लिहा, म्हणजे तो कागद कुणालाही दाखवता येईल. ते मुंबईच्या काउंटरवर उभे असतील त्या वेळी फोनवर राहा आणि टॅगवरची तीन अक्षरे त्यांच्याकडून वाचून घ्या.