घरच्या संगणकाची निगा व सुधारणा

गोमंतकात वर्षाकाठी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. या दिवसांत मिठाला पाणी सुटते, चपलांवर बुरशी धरते, आगपेटीची काडी धड पेटत नाही. त्याच घरात, त्याच हवेत संगणकही असतो. मात्र त्याच्याकडे लक्ष जाते ते तो बंद पडल्यावर. पेडणे तालुक्यात केरी, हरमल, मांद्रे, मोरजी या गावांना समुद्राची खारी हवा. तर डिचोली तालुक्यात जांभ्या मातीची आणि खाणपट्ट्यात लोहखनिजाची तांबडी धूळ. खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मधली काही वर्षे चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या आणि २०२४ मध्ये डिचोलीच्या पट्ट्यात त्यांचा नव्याने आरंभ झाला. त्यामुळे खनिजवाहू ट्रकांच्या वाटेवरील घरांसाठी हा विषय जुना झालेला नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकात राज्य शासनाच्या ‘सायबरएज’ योजनेखाली उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या घरी संगणक पोहोचले आणि ज्या घरांत टंकलेखन यंत्रही कधी आले नव्हते, तेथे कळफलक आला. त्याच सुमारास परदेशातून आलेले वापरलेले संगणक गोव्यातील शाळांना पुरविण्याचा उपक्रमही झाला. त्यांतील अनेक यंत्रे लिनक्स या मुक्त प्रणालीवर चालविली गेली. परदेशात टाकाऊ ठरलेले यंत्र येथे मुलांच्या उपयोगी पडू शकते, हा त्यातला धडा आज पुन्हा आठवण्यासारखा आहे.

याचे कारण असे की, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. पुढील आवृत्ती, म्हणजे विंडोज ११, बहुतेक जुन्या यंत्रांना स्वीकारत नाही; तिला किमान ४ जीबी रॅम तर लागतेच, शिवाय ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षाचिप व त्या मानाने नवा प्रोसेसर लागतो. साहजिकच ‘हा आता भंगारातच’ असे ऐकून घेऊन परतणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. यंत्र खरोखर निकामी झाले आहे की केवळ मंदावले आहे, हा भेद मात्र भंगाराचा निर्णय घेण्यापूर्वी व्हावयास हवा. तो करण्याचे काम गावातील छांदिष्ट तरुण, शिक्षक किंवा विद्यार्थी सहज करू शकतात.

आरंभ यंत्रापासून नव्हे, भिंतीतील विजेच्या जोडणीपासून करावा. संगणकाच्या लोखंडी पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घराच्या अर्थिंगमध्ये दोष असण्याचा संभव दाट असतो. पेटीच्या वीजपुरवठा विभागात गाळणीसारखी एक रचना असते. तिच्यातून अत्यल्प प्रवाह जमिनीकडे जावा अशी योजना असते. जमिनीची वाट तुटलेली असेल, तर तो प्रवाह पेटीवरच साचून राहतो. आपल्याकडील कातळी जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंगचा खड्डाही तिच्याबरोबर सुकतो. त्यात पाणी घालण्याची जुन्या लोकांची रीत शास्त्राला धरूनच होती. जोडणीची तपासणी परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करून घ्यावी. हे काम हौसेचे नव्हे.

मे महिन्यातील वळवाच्या आणि ऑक्टोबरमधील परतीच्या पावसात विजा कडाडतात. त्या वेळी नुसते बटण बंद करणे पुरेसे नसते. प्लग तर काढावाच, पण इंटरनेटची तांब्याची तारही काढावी, कारण पुष्कळदा तडाखा त्याच वाटेने आत शिरतो. यूपीएस असला की निर्धास्त राहावे, हा समजही चुकीचा आहे. शिवाय त्यातील बॅटरी साधारणतः दोन-तीन वर्षांत थकते.

सफाई वर्षातून दोनदा व्हावी : एकदा मे महिन्यात पावसाआधी आणि एकदा पाऊस ओसरल्यावर दिवाळीच्या सुमारास. चतुर्थीपूर्वी घराची झाडलोट होते, भिंती खरवडल्या जातात आणि नेमकी तीच धूळ संगणकाच्या पंख्यातून आत ओढली जाते. तेव्हा त्या दिवसांत यंत्र बंद ठेवून वर कापड टाकणे बरे. सफाईस बसताना प्लग काढून सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे उरलासुरला भार निघून जातो. नंतर पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. मऊ, कोरड्या कुंचल्याने धूळ सैल करून ती हवेने उडवावी. मात्र हवा मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो भिंगरीसारखा फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. वीजपुरवठ्याचा डबा कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्यातील कपॅसिटरमध्ये धोकादायक भार राहू शकतो.

झाकण उघडले की काही दोष डोळ्यांना दिसतात. मदरबोर्डवरील कपॅसिटरचे माथे फुगलेले असणे, पालीची अंडी, उंदराने कुरतडलेली तार, हे सारे आपल्या घरांतील नेहमीचे प्रकार. आणखी एक दोष मात्र वारंवार फसवतो. संगणक दर वेळी चुकीची तारीख दाखवतो, मग संकेतस्थळे उघडत नाहीत, आणि घरातील माणसे इंटरनेटला दोष देतात. मदरबोर्डवरील ‘सीआर २०३२’ ही नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते, एवढेच. ती घड्याळाच्या दुकानातही मिळते. त्याचप्रमाणे पडद्यावर काहीच न येता यंत्र टूंटूं करीत असेल, तर रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी टोक स्वच्छ करून पुन्हा घट्ट बसवावे. दमट हवेत हा उपाय इतक्या वेळा लागू पडतो, की दुरुस्तीला नेण्यापूर्वी तो करून पाहणे अगत्याचे आहे.

पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवणे हितावह नसते. दोन-तीन दिवसांआड तासभर चालविल्यास त्याच्या स्वतःच्याच उष्णतेने आतील ओल निघून जाते.

आता सुधारणेविषयी. हाती पैसे थोडे असतील, तर ते प्रथम एसएसडीवर खर्च करावेत. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरती तबकडी व तिच्यावर सरकणारा दांडा असतो. हवी ती नोंद गाठण्यास त्याला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. एसएसडीत काहीच हलत नाही आणि तेच काम साधारण ०.१ मिलिसेकंदात होते. यंत्र सुरू होताना अशा हजारो नोंदी चाळाव्या लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे सात-आठ वर्षांचा संगणक अचानक चपळ कसा होतो, याचे नवल उरत नाही. बदल करण्यापूर्वी छायाचित्रे, दाखले, हिशेब यांची प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी घ्यावी. जुनी डिस्क महिनाभर न पुसता तशीच ठेवावी. राहून गेलेली फाईल बहुधा दुसऱ्या आठवड्यात आठवते.

त्यानंतर रॅम. डीडीआर३ आणि डीडीआर४ या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही आणि जोर केल्यास खोबण मोडते. लॅपटॉपची पट्टी तर आकारानेच आखूड. म्हणून जुनी पट्टी बरोबर घेऊनच म्हापशाला किंवा पणजीला जावे. प्रणाली ३२ बिटची असेल, तर ४ जीबीहून अधिक रॅमचा उपयोग तिला होत नाही, हेही आधी पाहावे. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव बरेच चढले, तेव्हा खात्री करून न घेता केलेली खरेदी महागात पडते.

विंडोज ११ न चालणाऱ्या यंत्रावर उबंटू किंवा लिनक्स मिंट विनामूल्य घालता येते. ते प्रथम पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. छापयंत्र, वायफाय आणि देवनागरी इनस्क्रिप्ट टंकन यांची परीक्षा तेथेच होते. वाचन, लेखन, पत्रव्यवहार, मुलांचा अभ्यास यांना ते पुरते. ज्या दुकानदाराचे हिशेब केवळ विंडोजवरच्या आज्ञावलीत आहेत, त्याने मात्र हा बदल करू नये. पंचायत किंवा कार्यालयाच्या डिजिटल स्वाक्षरीचे कामही आधी पडताळून पाहावे. मदरबोर्डच बिघडला असेल, तर पंधरा वर्षांच्या यंत्रावर खर्च करण्यात हशील नाही. त्याची रॅम, पंखा, कळफलक मात्र शेजारच्या यंत्राला कामी येतात.

उरलेले भाग परसात जाळून तांबे काढण्याचा प्रकार कोठेही होऊ नये, कारण तारांवरील प्लास्टिकचा धूर विषारी असतो. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असे भाग नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे पोहोचावयास हवेत. लॅपटॉपची फुगलेली बॅटरी टोचू अथवा दाबू नये. ती उन्हापासून दूर, वेगळी ठेवून द्यावी. आणि हार्ड डिस्क हातावेगळी करण्यापूर्वी ती पूर्ण पुसून टाकावी. फाईल नुसती ‘डिलीट’ केल्याने तिच्यातील मजकूर नाहीसा होत नाही.