पन्नास वाव खोलीचे घड्याळ

आमच्या करडीकडच्या तलावात पोहताना घड्याळ काठावरच्या मित्राकडे देत असू. पाणी शिरले की ते बिघडलेच! म्हणून हे कुतूहल.

१९२६ साली रोलेक्सने पाणी न शिरणारे 'ऑयस्टर' काढले. पण पाणबुड्यांचे म्हणावे असे घड्याळ १९५३ चे, ब्लाँपँचे 'फिफ्टी फॅदम्स'. फॅदम म्हणजे आपले वाव. पन्नास वाव सुमारे ९१ मीटर. कंपनीप्रमुख फिश्टर स्वतः बुड्या मारीत. एकदा वेळेचे भान सुटून पाण्याखाली त्यांची हवा संपली होती. म्हणून तबकडीभोवती फिरते कडे आले. बुडी मारताना त्याची खूण मिनिटकाट्याशी जुळवायची, की गेलेली मिनिटे अंधारातही कळतात. पुढे कडे एकाच दिशेने फिरू लागले. धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी नाही. मला मोह पडतो तो या कड्याचा. आता पाणबुडे मनगटी संगणक वापरतात आणि लाखांची ही घड्याळे बहुधा कोरडीच राहतात.