मनाचीं दोन दुखणीं : औदासीन्य आणि चिंता

आपल्या पिंपरी-चिंचवड परिसराची भरभराट मोटारींच्या कारखान्यांनीं झाली हें खरें. परंतु वैद्यकाच्या इतिहासांत पिंपरीचें नांव त्यापूर्वींच आलेलें आहे. 1954 सालीं येथें 'हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स' या सरकारी कारखान्याची स्थापना झाली आणि पुढील वर्षीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. जखम चिघळली, त्यांत अमुक जंतु सांपडला, त्यावर तमुक औषध टोंचलें आणि रोगी बरा झाला, असा सरळ हिशेब या औषधानें लोकांच्या मनांत बसविला. औदासीन्य आणि चिंता या मनाच्या दोन दुखण्यांचा असा सरळ हिशेब मात्र अद्याप कोणासही मांडतां आलेला नाहीं. असें असतांही त्यांवर उपाय सांपडले आहेत, आणि त्यांतील एक तर आपल्या शेजारच्या गोव्यांतच कसोटीस उतरला आहे.

प्रथम हीं दुखणीं ओळखावीं कशीं, तें पाहूं. परीक्षेंत गुण कमी पडले म्हणून दोन दिवस जेवण गोड न लागणें हा कांहीं रोग नव्हे. परंतु दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न राहतें, खेळांत, गप्पांत, आवडत्या कामांत गोडी वाटेनाशी होते, झोंप व भूक बिघडते, अंगांत त्राण राहत नाहीं, आपण कुचकामी आहों असें सारखें वाटतें, आणि हें सर्व दोन आठवडे किंवा अधिक काळ टिकून संसाराच्या वा अभ्यासाच्या आड येतें, तेव्हां वैद्य त्यास औदासीन्याचा रोग म्हणतात. चिंतेच्या रोगांत पुढें कांहींतरी वाईट होणार या भयानें मन अखंड ताणलेलें असतें. छाती धडधडते, हातांस घाम सुटतो, पोटांत खड्डा पडतो. पुष्कळदां हीं दोन्ही दुखणीं हातांत हात घालून येतात. आपल्याकडे त्यांस 'टेन्शन' हें एकच नांव आहे. रोगी मनाची तक्रार सहसा सांगतच नाहीं; "डोकें दुखतें, अंग मोडून येतें, झोंप लागत नाहीं" असें म्हणतो आणि ताकदीची गोळी घेऊन घरीं जातो. 2015-16 सालीं बंगळूरच्या 'निमहान्स' संस्थेनें केलेल्या राष्ट्रीय पाहणींत सुमारें 20 प्रौढांमागें एकास आयुष्यांत केव्हां ना केव्हां औदासीन्यानें गांठल्याचें दिसून आलें. आणि अशा सामान्य मनोविकारांचे शेंकडा 85 रुग्ण उपचारांवांचून राहिलेले आढळले.

आतां कारणांकडे वळूं. या शोधाचा एक धागा मुंबईंतून निघतो. सर्पगंधा ही वनस्पति आपल्या वैद्यांस फार जुन्या काळापासून ठाऊक होती. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनीं तिनें रक्ताचा वाढलेला दाब उतरतो हें रुग्णांवर पडताळून 1949 सालीं इंग्लंडांतील एका वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध केलें, आणि साऱ्या जगाचें लक्ष या मुळीकडे गेलें. 1952 सालीं तिच्यांतून रिसर्पिन नांवाचें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. परंतु तें घेणाऱ्या कांहीं रुग्णांचा रक्तदाब उतरला तसें मनही उतरलें, अशा तक्रारी येऊं लागल्या. प्रयोगांत असें दिसलें कीं, एका मज्जापेशींतून दुसरींत संदेश नेणारीं सेरोटोनिन इत्यादि द्रव्यें रिसर्पिननें मेंदूंत घटतात. त्याच सुमारास अमेरिकेंत क्षयरोग्यांस देऊन पाहिलेल्या इप्रोनियाझिड या औषधानें रोगी फुप्फुस बरें होण्यापूर्वींच आनंदी दिसूं लागले. तें औषध हीं द्रव्यें मेंदूंत टिकवून धरतें असें आढळलें. मग शास्त्रज्ञांनीं दोन आणि दोन चार केले : हीं द्रव्यें कमी झालीं म्हणजे औदासीन्य, वाढलीं म्हणजे आराम!

कल्पना सुटसुटीत होती, म्हणूनच ती घरोघर पोंचली. पण सुटसुटीतपणा हा सत्याचा पुरावा नव्हे. रिसर्पिननें खरोखर किती जणांस औदासीन्य येतें याविषयींच पुढें शंका निघाली. नवीं औषधें या द्रव्यांवरील आपलें काम कांहीं तासांत सुरू करतात, परंतु रोग्याचें मन उजळावयास आठवडे लागतात, याचाही उलगडा होईना. शेवटीं 2022 सालीं अनेक संशोधनांचा एकत्र आढावा घेणाऱ्या एका निबंधांत, सेरोटोनिन कमी झाल्यानें औदासीन्य येतें यास सुसंगत पुरावा नाहीं, असा निष्कर्ष निघाला. यावरून औषधें निरुपयोगी आहेत असें कांहीं लोक म्हणूं लागले. तें मात्र तर्कास धरून नाहीं. डोकेदुखी अ‍ॅस्पिरिननें थांबते, म्हणून ती अ‍ॅस्पिरिनच्या अभावानें झाली होती असें थोडेंच आहे?

मग खरें कारण कोणतें? अनेक कारणांचा मेळ, हेंच आजचें उत्तर. जुळ्या भावंडांच्या अभ्यासावरून दिसतें कीं, औदासीन्याच्या बाबतींत माणसामाणसांत जो फरक असतो, त्याचा तिसऱ्या हिश्शाहून कांहींसा अधिक भाग आनुवंशिक आहे. परंतु त्यास जबाबदार असें एकच बीज नाहीं. 2019 सालीं आठ लाखांवर लोकांची माहिती तपासून अशीं 102 स्थानें दाखविण्यांत आलीं, आणि प्रत्येकाचा प्रभाव अत्यल्प. उरलेला भाग आयुष्य घडवितें : बालपणीं झालेला छळ, जवळच्या माणसाचा मृत्यु, कर्ज, बेकारी, बाळंतपणानंतरचा काळ, दारू, दीर्घ आजार. थायरॉइड ग्रंथि मंदावल्यानेंही अशींच लक्षणें दिसतात. म्हणून चांगला डॉक्टर कित्येकदां आधीं रक्त तपासावयास सांगतो.

यांत झोंपेचा विषय आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. चाकण, भोसरी, तळवडे येथील कारखान्यांत तीन पाळ्या चालतात. रात्रपाळी करून आलेला मनुष्य सकाळीं पत्र्याच्या खोलींत, शेजारची शिट्टी आणि मुलांचा गलका ऐकत झोंपूं पाहतो. पुढील आठवड्यांत पाळी बदलते आणि शरीरांतील घड्याळ पुन्हां चुकतें. पाळ्या करणाऱ्या लोकांत औदासीन्याचीं लक्षणें अधिक आढळतात, असें अनेक देशांतील पाहण्यांत दिसलें आहे. झोंप मोडली म्हणजे मन ढासळतें, मन ढासळलें म्हणजे झोंप मोडते, असा हा रहाटगाडा आहे. ज्या मुलांचे वडील रात्रपाळी करतात, त्यांनीं सकाळीं घरांत आवाज बेताचा ठेवावा, ही माझी जातां जातां केलेली विनंति समजावी.

आतां गोव्याची हकीकत. तेथें 'संगथ' ही संस्था 1996 सालापासून काम करीत आहे, डॉ. विक्रम पटेल हे तिच्या संस्थापकांपैकीं एक. मनोविकारतज्ज्ञ थोडे आणि रोगी असंख्य, ही अडचण त्यांच्यापुढें होती. त्यांनीं असा विचार केला कीं, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण माणसांशीं जिव्हाळ्यानें बोलूं शकणाऱ्या स्थानिक स्त्रीपुरुषांस शिकवून तयार केलें तर? पहिल्या मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष 2010 सालीं आले : सरकारी आरोग्यकेंद्रांत या मदतीनें अधिक रोगी बरे झाले, खासगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाहीं. हें अपयश त्यांनीं झांकून ठेवलें नाहीं, याचें मला कौतुक वाटतें.

पुढील प्रयोग अधिक नेमका होता. 10 प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून तीव्र औदासीन्याचे 495 प्रौढ रुग्ण निवडून, चिठ्ठ्या टाकाव्या तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटास केंद्रांतील डॉक्टरांचे उपचार, दुसऱ्यास त्याखेरीज शिकविलेल्या समुपदेशकाच्या 6 ते 8 भेटी. या भेटींत उपदेश नव्हता, कीं "मन घट्ट करा" हें आपलें आवडतें वाक्यही नव्हतें. औदासीन्य आलेला मनुष्य कामें टाळतो, टाळल्यामुळें समाधानाचे प्रसंग कमी होतात, आणि त्यामुळें मन अधिकच खचतें. तेव्हां हा पेंच कामाच्या बाजूनें सोडवावयाचा. मन लागल्यावर काम करीन असें न म्हणतां, लहानसें काम आधीं हातीं घ्यावयाचें : आज विहिरीपर्यंत चालून येणें, उद्यां बहिणीस भेटणें, परवां देणेकऱ्याशीं बोलून हप्ता ठरविणें. पुढल्या भेटींत काय जमलें, काय अडलें, त्यानंतर मनास कसें वाटलें, हें दोघांनीं मिळून पाहावयाचें. तीन महिन्यांनीं समुपदेशन मिळालेल्यांपैकीं शेंकडा 64 जणांचा रोग ओसरला होता, दुसऱ्या गटांत शेंकडा 39 जणांचा. वर्ष लोटल्यावरही हा फरक बराचसा टिकून होता. तीन महिन्यांनंतरचे निष्कर्ष 'लॅन्सेट' या इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

चिंतेच्या बाबतींत टाळाटाळीचा पेंच आणखी घट्ट असतो. वर्गापुढें बोलण्याची भीति वाटणारा मुलगा त्या दिवशीं शाळा चुकवितो. तेवढ्यापुरतें बरें वाटतें, आणि त्या बरें वाटण्यानेंच भीति दुणावते. यास उपाय म्हणजे भीतीस पायरीपायरीनें सामोरें जाणें : आधीं एका मित्रापुढें, मग पांचांपुढें, मग वर्गापुढें.

औषधांचेंही स्थान आहे. 2018 सालीं 522 चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडण्यांत आला. त्यांत 21 औषधें प्रौढांच्या औदासीन्यावर नुसत्या साखरेच्या गोळीहून सरस ठरलीं, पण सरसपणा मध्यम प्रतीचा होता. गुण यावयास दोनचार आठवडे लागतात, आणि बरें वाटलें म्हणून आपल्या मनानें गोळ्या एकदम बंद करूं नयेत. मुलांच्या बाबतींत तर औषधाचा निर्णय तज्ज्ञानेंच घ्यावयाचा असतो. झोंपेच्या व शामक गोळ्या दुकानांतून परस्पर आणणें घातक होय. त्यांची संवय जडते.

एक गोष्ट आम्हां शिक्षकांस थोडी झोंबणारी आहे, तरी सांगतों. बिहारांतील नालंदा जिल्ह्यांत 74 शाळांत असा प्रयोग झाला : कांहीं शाळांत बाहेरून आलेल्या शिकविलेल्या समुपदेशकानें, कांहींत शाळेंतल्याच शिक्षकानें मुलांच्या मनःस्वास्थ्याचें काम पाहिलें. मुलांनीं आपली अडचण लिहून टाकावी म्हणून पेटी ठेवलेली होती. 2018 सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा कीं, समुपदेशकाच्या शाळांत मुलांचें औदासीन्य व आपसांतील दांडगाई कमी झाली. शिक्षकाच्या शाळांत फरक पडला नाहीं. गुण देणाऱ्या माणसापाशीं मूल मन उघडें करीत नाहीं, हें त्यामागचें एक कारण असावें, असें मला वाटतें.

आपल्याकडे पिंपरीच्या संत तुकारामनगरांत महानगरपालिकेचें यशवंतराव चव्हाण स्मृति रुग्णालय आहे. तेथें मनोविकारांचीही तपासणी होते. घरांतील कोणी जगण्यांत अर्थ नाहीं अशी भाषा करूं लागला, तर तें थट्टेवारी न नेतां त्याच दिवशीं मोठ्या माणसास सांगावें आणि डॉक्टर गांठावा. 2022 सालीं सुरू झालेल्या सरकारच्या 'टेलि-मानस' सेवेचा दूरध्वनि क्रमांक 14416 असा असून तो रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहींत, आणि मराठींतून बोलतां येतें.