ऐकायला शिकवू या, अभिनयातून



‘मुले ऐकत नाहीत’ ही तक्रार आज घरोघरी आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांकडून चौथी आज्ञा पाठ करून घेतो. पण पाठ केलेले अंगवळणी पडतेच असे नाही. म्हणून बायबलमधील कथा आम्ही मुलांना करून दाखवायला सांगतो. ही रीत जुनी आहे. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेचो गावी गव्हाण मांडून, बैल व गाढव आणून, नाताळ लोकांच्या डोळ्यांसमोर उभा केला होता. घरीही आपण हे सहज करू शकतो. तीन कथा सुचवतो.

१) बाळ शमुवेल (१ शमुवेल ३) : एका कोपऱ्यात चटईवर शमुवेल, दुसऱ्या कोपऱ्यात वृद्ध एली. पडद्यामागून हाक येते. शमुवेल तीनदा धावत एलीकडे जातो आणि तीनदा परत पाठवला जातो. नंतर मुलाला विचारावे : तिसऱ्या वेळी उठताना कंटाळा आला का? आज्ञापालनाची सुरुवात ऐकण्यापासून होते, हे त्याला न सांगता कळते.

२) दोन मुलगे (मत्तय २१:२८-३२) : बाप दोघांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक नकार देतो, पण पस्तावून जातो. दुसरा होकार देतो, पण जात नाही. मुलांना दोन्ही भूमिका आलटून पालटून द्याव्यात. नुसते गोड ‘हो’ म्हणजे आज्ञापालन नव्हे, हे त्यांच्या लगेच ध्यानात येते.

३) शिफ्रा आणि पुवा (निर्गम १:१५-२१) : इब्री स्त्रियांचे मुलगे जन्मताच मारावेत, असा हुकूम मिसरचा राजा या दोन सुइणींना देतो. त्या देवाचे भय बाळगून बाळांना जगू देतात.

ही तिसरी कथा वगळू नये. मोठ्यांचे सर्व काही ऐकायचे, एवढेच शिकलेले मूल वाईट हेतूच्या माणसाचेही ऐकेल. कॅथलिक चर्चचा धर्मशिक्षण ग्रंथही (क्र. २२१७) सांगतो की, एखादी आज्ञा पाळणे पाप ठरेल अशी मुलाच्या विवेकाची खात्री असेल, तर त्याने ती पाळू नये. म्हणून नाटुकले संपल्यावर मुलाला स्पष्ट सांगावे : कोणी चुकीचे करायला सांगितले, गुपित ठेवायला सांगितले, तर ‘नाही’ म्हण आणि लगेच आम्हाला येऊन सांग. आम्ही रागावणार नाही.

एक पथ्य मात्र पाळू या. खोडकर मुलालाच दर वेळी नकार देणाऱ्या मुलाची भूमिका देऊन सर्वांसमोर लाजवू नये. मुलांनी आईबापांचे ऐकावे, असे सांगणारा संत पौल लगेच पुढे बापांनाही बजावतो की, मुलांना चिडवून खचवू नका (कलस्सै ३:२०-२१). शिवाय, कधी बाबांनी शमुवेल व्हावे आणि मुलाने एली. हाक आल्यावर उठावे लागते ते आपल्यालाही!

या आठवड्यात एका संध्याकाळी, रोजरीनंतर दहा मिनिटे काढू या. बाळ येशू नाझरेथला आपल्या आईबापांच्या आज्ञेत राहिला. आपल्या घरांनाही तीच कृपा लाभो.

– धर्मशिक्षक मंडळ