परमुलखातील पेढी : पूर्व आफ्रिकेचा धडा

व्यापाऱ्याने परमुलखात पेढी घातली, म्हणजे त्या मुलखाच्या खातेवहीत त्याचे नाव चढते. तेथे आपल्या नावावर जमा किती आणि नावे किती, हा हिशेब मात्र आपल्यापैकी थोडेच ठेवतात. तो कसा मांडावा, हे पूर्व आफ्रिकेतील आपल्या देशबांधवांच्या इतिहासावरून शिकण्यासारखे आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. १८९६ साली इंग्रज सरकारने मोंबासा बंदरापासून व्हिक्टोरिया सरोवराकडे लोहमार्ग बांधावयास घेतला. त्या कामी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, सुमारे ३२,००० मजूर नेण्यात आले. १९०१ साली रूळ सरोवराच्या काठी पोहोचले. परंतु या कामात सुमारे २,५०० मजूर मृत्युमुखी पडले. बहुतेक मायदेशी परतले, सुमारे ६,७०० तेथेच राहिले. रुळांच्या मागोमाग कच्छ-काठेवाडचे व्यापारी गेले. कच्छचे अलिदिना विश्राम यांनी त्या मार्गावर दुकानांची मालिकाच उभारली. हालारातील ओसवाल जैन कुटुंबांनी केनियात पेढ्या थाटल्या. आडरानातील खेड्यांत मीठ व कापड पोहोचले, तेथील कापूस व तीळ बाजारात आले. कित्येक वर्षे त्या प्रदेशाचे चलनही रुपयाच होते. स्वाहिली भाषेत दुकानास आजही ‘दुका’ म्हणतात. पुढे युगांडात नानजी कालिदास मेहता यांनी लुगाझी येथे १९२४ साली आणि मुळजीभाई माधवानी यांनी ककीरा येथे १९३० साली साखर कारखाने चालू केले.

आता नावेची बाजू. कापूस पिकवी आफ्रिकी शेतकरी. परंतु सरकी काढण्याचे कारखाने मुख्यतः आशियाई व युरोपीय मालकांचे. १९४९ साली बुगांडात दंगे झाले, तेव्हा आपला कापूस आपणच पिंजून विकण्याचा हक्क मिळावा, ही एक प्रमुख मागणी होती. १९५९ साली तेथे आशियाई दुकानांवर बहिष्कार पडला. या सूचना होत्या. कित्येकांनी त्या वाचल्या नाहीत.

ऑगस्ट १९७२ मध्ये इदी अमीन याने आशियाई लोकांस नव्वद दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. आम्ही त्या वेळी बारा वर्षांचे होतो. दुष्काळाचे वर्ष, आवक तुटलेली, ज्वारीचा भाव रोज चढता. तीर्थरूपांनी ती बातमी गादीवर बसून दोनदा वाचली, चष्मा खाली ठेवला आणि मुनीमजींना म्हणाले, “गोदाम उघडा. परवाच्याच भावाने द्या. ज्या गावाचे पाणी प्यालो, त्याच्या अडचणीची किंमत लावू नये.” आमची बोली घरात एक आणि दुकानात दुसरी, आमचे घराणे या गावी बाहेरूनच आलेले. त्या दिवशी आम्हास वाटले, वडिलांनी हातचा नफा घालविला. आज वाटते, आमच्या पेढीचा पाया त्या दिवशी पक्का झाला.

अमीनचे कृत्य निखालस अन्यायाचे होते, याविषयी दुमत नाही. निरपराध कुटुंबे आयुष्याची कमाई मागे टाकून निघाली. युगांडाचेही अपरिमित नुकसान झाले. दुकाने ओस पडली, उसाच्या देशात साखर दुर्मिळ झाली. १९८५ साली माधवानी कुटुंब परतले आणि त्यांनी ककीराचा कारखाना पुन्हा उभा केला. त्यास आज भोवतालचे हजारो शेतकरी आपल्या शेतातला ऊस पुरवितात. कारखाना चालला तर त्यांच्या घरी पैसा येतो. म्हणून तो त्यांचाही आहे. केनिया सरकारने तर २०१७ साली आशियाई वंशाच्या नागरिकांस देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली.

आपले तरुण आज दुबईस जातात, अँटवर्पला हिऱ्यांच्या व्यापारात जातात. त्यांस आमचे तीनच गोष्टींचे सांगणे आहे. पिकविणाऱ्यास व राबणाऱ्यास त्याचा वाजवी भाग द्यावा. तेथील होतकरू मुलास केवळ हमाल न ठेवता वही लिहावयास शिकवावे आणि पुढे भागीदार करावे. कमाईचा काही अंश, आपपर न पाहता, त्याच गावच्या शाळेस व दवाखान्यास लावावा. एवढे करूनही संकट येणारच नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. परंतु पेढी बंद पडली तर गावालाही हळहळ वाटावी, इतकी जमा आपल्या नावावर असावी.