या महिन्याचा पाठ : लेक ‘इंटर्न’ म्हणून जाते तेव्हा



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींच्या मुली आता कॉलेजात आहेत. शिकता शिकता एखाद्या संस्थेत महिना-दोन महिने काम करायचं, याला इंटर्नशिप म्हणतात. संस्था स्थलांतरित मजुरांसाठी काम करणारी असली, की आपण पटकन म्हणतो, “तिथं जाऊन काय शिकणार?” पण दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती आपलीच माणसं. वीटभट्टीवर परराज्यातून येतात तीही कुणाची तरी लेकरंच.

तिथं काम काय असतं?

ऐकायचं आणि नीट लिहून घ्यायचं. समजा, भट्टीवरची बाई म्हणाली, “रेशन मिळत नाही.” एवढंच लिहिलं तर काहीच होणार नाही. पुढं विचारायचं : कार्ड कुठल्या राज्यातलं? नाव आधारशी जोडलंय का? दुकानदार नेमकं काय म्हणाला? ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत अन्नसुरक्षेचं कार्ड देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात चालतं. मजुरानं आपला वाटा इथं घेतला, तरी उरलेला वाटा घरचे गावी उचलू शकतात. बाईला हे माहीत नसेल तर ती दुकानातून धान्य विकत आणते आणि मजुरी त्यातच जाते.

शाळेचंही तसंच. ६ ते १४ वर्षांच्या मुलाला दाखला आला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसं लिहिलंय. इंटर्ननं त्या आईसोबत शाळेत जाऊन एवढं शांतपणे सांगितलं, तरी पोराचं वर्ष वाचू शकतं.

लेकीला हे सांगून ठेवा

- न विचारता कुणाचा फोटो काढू नये.
- कुणाचा आधार नंबर किंवा ओटीपी स्वतःकडे ठेवू नये.
- “काम करून देते” असा शब्द देऊ नये. “विचारून सांगते” म्हणावं, आणि खरंच विचारून सांगावं.
- मुकादमासमोर उचल किंवा मजुरीचे प्रश्न विचारू नयेत. आपण निघून येतो, बाईला तिथंच राहायचं असतं.

पाठवण्याआधी तुम्ही विचारा

लेखी पत्र मिळेल का? मानधन किती, प्रवासखर्च कोण देणार? राहायची सोय कुठं? वस्तीवर जाताना सोबत कोण? शेवटी प्रमाणपत्र मिळणार ना? आणि तक्रार समिती आहे का? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथं अंतर्गत समिती हवीच. हे विचारायला लाजू नका. चांगल्या संस्थेला राग येणार नाही.

बैठकीत बोलूया

१. आपल्या गावातून यंदा किती कुटुंबं बाहेर गेली? त्यांची मुलं कुठं शिकतायत?
२. आपल्या शिवारात बाहेरून आलेली कुटुंबं आहेत का? त्यांना रेशन मिळतं का?

उत्तरं वहीत लिहा. कॉलेजातल्या लेकीला सोबत घ्या. तिची इंटर्नशिप गावातूनच सुरू होईल.